हिरव्या सायकलीची तार

"फोटोबाईला आत आणा!"

फौजदारांचा हुकूम सुटायचा अवकाश, दोघांनी तिला दंड धरून सायकल क्लबच्या खोलीत ढकललं. मागून कुणीतरी म्हणालंच, "दंड कसले धरता, मानगूट धरा!"

ती शाळेत भूगोल शिकवायची. हौस मात्र फोटोंची. ते दिवस फिल्मच्या रोलचे. एकेक फोटो जपून काढावा लागे. थंडी पडली की लोक पांघरुणात आणखी खोल शिरत आणि ही कानाला मफलर गुंडाळून बाहेर पडे. धुक्यातला डोंगर, मैदानावरचे खेळ, हिवाळ्यातली सायकल शर्यत. नवरा गेल्यापासून तिच्या हिवाळ्याला दुसरं काही उरलंच नव्हतं.

आज शर्यतीत, डोंगरउताराच्या वळणावर, क्लबचा सगळ्यात वेगवान गडी कठड्यावर आदळला होता. त्याला सगळे 'वारा' म्हणत. खांदा मोडला, डोक्याला खोक पडली, शुद्ध नव्हती. फौजदारांनी त्याची सायकल झाकून थेट ठाण्यात पाठवली आणि लोकांना एवढंच सांगितलं : ब्रेकमध्ये घातपात आहे.

आणि त्या वळणावर आधीपासून कॅमेरा रोखून कोण उभं होतं? फोटोबाई.

फौजदार अंगणातल्या थंडीतून मागोमाग आले. खोलीत कोपऱ्यातल्या शेगडीवर पाण्याचं मोठं पातेलं पहाटेपासून उकळत होतं आणि खिडक्या घट्ट बंद होत्या. दारातच थांबून त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, मग खुर्ची शोधून बसले.

"त्याच वळणावर का उभ्या होतात?"

"मागे दरी दिसते. धुकं निवळताना फोटो चांगला येतो. दर वर्षी तिथेच असते मी."

"माणूस पडला की आणखी चांगला येत असेल!" वाऱ्याची आई कडाडली. बाईचा कॅमेरा तिने केव्हाच हिसकावून काखेत दाबला होता.

"सकाळी या खोलीत आला होतात?"

"आले होते. चाकांचे फोटो काढायला."

"एकट्या?"

"एकटीच."

"झालं की मग! आणखी काय हवंय?" गर्दीतून आवाज आला. "गेल्या महिन्यात वाऱ्याने हिने काढलेला फोटो क्लबच्या फळ्यावरून काढून टराटरा फाडला होता. त्याचा डूख धरला बयेनं."

तेव्हा क्लबचे चिटणीस पुढे झाले. हे तिचे सख्खे धाकटे दीर. त्यांचाच मुलगा आज शर्यत जिंकला होता आणि गळ्यात पदक घालून भिंतीशी अवघडून उभा होता.

"साहेब, घरचं माणूस म्हणून इतका वेळ गिळून बसलो होतो," दीर म्हणाले. "पण पोराच्या जिवाशी खेळ झालाय. मी डोळ्यांनी पाहिलं. भिंतीकडून तिसऱ्या सायकलीवर वहिनी वाकल्या होत्या. पुढच्या ब्रेकच्या तारेवर कानस घासत होत्या."

फौजदारांनी झटकन मान वर केली.

"यांच्या शाळेलाही कळवा," दीर थांबेनात. "आणि शर्यतीच्या रस्त्यावर पुन्हा पाऊल ठेवू देऊ नका."

बाईची नोकरी, अब्रू, हिवाळा, सगळंच एका वाक्यात गेलं. ती दिराकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "साहेब, मी भावोजींना काही विचारू?"

"विचारा."

"भावोजी, तुम्ही कुठून आलात तेव्हा?"

"अंगणातून. स्वारांना नंबर वाटत होतो. हात गारठले म्हणून शेकायला आलो."

"चष्मा होता?"

"चष्म्याशिवाय मला घासातला खडा दिसत नाही. असणारच!"

"किती आत आलात?"

"उंबऱ्यावरच होतो. दार उघडलं, पाहिलं, तसाच मागे फिरलो. क्षणाचं काम. उलटतपासणी कसली घेता? मी काय तुमच्या वर्गातलं पोर आहे?"

काहीजण हसले. बाई हसली नाही.

"साहेब, यांना थोडा वेळ अंगणात उभं करा. गारठू द्या. मग हाक मारा."

"चोर तो चोर, वर शिरजोर!" वाऱ्याची आई म्हणाली. पण फौजदारांनी खूण केली आणि दीर पाय आपटत बाहेर गेले.

बाईने पुतण्याला जवळ बोलावलं, कानात काही सांगितलं. तो परत आलेल्या सायकलींपैकी भिंतीकडून तिसरीवर वाकला. ती स्वतः दाराआड जाऊन उभी राहिली.

"या!" फौजदार ओरडले.

दार उघडलं. दीर उंबऱ्यावर थांबले.

"सकाळी होतात तसेच उभे राहा. सायकलीवर कोण वाकलंय?"

"कोण म्हणजे? वहिनीच की!"

दिरांनी चाचपडत चष्मा काढला. काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. त्या पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं.

"मी आहे, बाबा," मुलगा म्हणाला.

बाई दाराआडून पुढे आली.

"थंडीतून या वाफेत आलं की काच आंधळी होते. सकाळी माझ्या भिंगाचंही तेच झालं. कॅमेरा मफलरमध्ये गुंडाळून, वाफ जायची वाट बघत बसले होते मी. भावोजींना उंबऱ्यावरून माणूस ओळखता आला नसता, मग कानस कुठून दिसणार? साहेब, ब्रेक पुढचा होता हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही. तार कानशीने अर्धी घासलीय हेही नाही."

"मग पाहिल्याशिवाय यांना कळलं कसं? क्लबच्या सगळ्या सायकली हिरव्या, एका साच्यातल्या. त्यांवर नंबर चढतो तो अंगणात. त्याआधी कुठली कुणाची, हे ठरवणार चिटणीस; वाऱ्याला कुठली मिळणार, हे मला कसं कळावं? खोलीची किल्लीही त्यांच्याकडेच. तार माझ्या येण्याआधीच घासली असणार. मी आले, तेव्हा यांना आयता बकरा मिळाला."

दीर मटकन बाकावर बसले.

"मारायचं नव्हतं हो," ते पुटपुटले. "उतारावर बिचकला असता, मागे पडला असता. माझं पोर दर वेळी दुसरं येतं. एकदा तरी..."

"मी सांगितलं होतं तुम्हाला?" मुलगा किंचाळला. पदक ओरबाडून त्याने टेबलावर फेकलं आणि दवाखान्याच्या वाटेला लागला. बापाने हाक मारली, पण त्याने मागे पाहिलं नाही.

फौजदारांनी दिराच्या खांद्यावर हात ठेवला.

"वहिनी," दीर कळवळून म्हणाले, "घरच्या माणसाला असं..."

"सकाळपासून मी कुणाच्या घरची होते, भावोजी?"

त्यांना घेऊन गेले. गर्दी पांगली. माफी मागायला कुणी थांबलं नाही. वाऱ्याच्या आईने तेवढा कॅमेरा पुढे केला, तोही दुसरीकडे बघत.

"त्या वळणावर पुन्हा उभ्या राहणार?"

बाईने पट्टा गळ्यात अडकवला. "पुढच्याच रविवारी."