छोट्या खोलीची मापं

यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं.

असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं म्हणतात. ही भर दुपारी घडली. मागच्या वर्षी, एका बुधवारी, पावणेतीनच्या सुमाराला. चौथ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये.

तो फ्लॅट माझ्या सख्ख्या बहिणीचा. आजही ती तिथेच राहते.

ताईने फ्लॅट जुनाच घेतला होता, पण राहायला जाण्याआधी आतलं सगळं नव्याने करायचं ठरलं होतं. झालं, तेव्हापासून तिला एकच वेड लागलं. जेवताना, ऑफिसात, झोपायच्या आधी, सतत दुसऱ्यांच्या घरांचे फोटो बघायचे. मोबाईलमध्ये प्रत्येक खोलीचं वेगळं फोल्डर. हॉलचे दोनशे फोटो. किचनचे तीनशे. सकाळी सहाला मला मेसेज यायचा, "हा हिरवा बरा की तो राखाडी?"

एकदा मी वैतागून लिहिलं, "दोन्ही लाव. भावोजींना डोळे मिटून बसायला सांग."

एका फोल्डरमध्ये मात्र एकही फोटो नव्हता.

छोटी खोली.

ती खोली ताईच्या सासूबाईंसाठी होती. तेव्हा त्या थोरल्या मुलाकडे राहायच्या. विसरायला लागल्या होत्या. दार उघडं दिसलं की चालू पडायच्या. एकदा दोन तासांनी बस डेपोत सापडल्या... अनवाणी.

आता त्या ताईकडे येणार होत्या.

"त्या खोलीचं काही सुचतच नाही गं," ताई म्हणायची आणि लगेच किचनवर यायची.

घराचं काम एका इंटिरियरवाल्यांना दिलं होतं. पन्नाशीचा माणूस. बोलणं मोजकं, काम चोख. त्या बुधवारी ताईने त्यांना किल्ली दिली आणि ती ऑफिसला गेली. ते एकटेच जाऊन मापं घेणार होते.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी आम्हाला त्यांच्या दुकानात बोलावलं. टेबलावर सनमायकाचे तुकडे पसरलेले. त्यांनी एकेका खोलीचं चित्र पुढे ठेवलं. हॉल छान होता. किचन तर ताईच्या मनातलं जसंच्या तसं.

मग त्यांनी छोट्या खोलीचं चित्र काढलं.

"यात माझं डोकं काही नाही," ते म्हणाले. "सगळं आजींनी सांगितलं."

ताई हसली. "कोणत्या आजींनी?"

"तुमच्या सासूबाईंनी. काल होत्या ना तिथे."

ताई हसायची थांबली.

त्यांनी आपली डायरी उघडली आणि वाचायला सुरुवात केली. साध्या, कामाच्या आवाजात.

"पलंग खिडकीकडे नको, दाराकडे हवा. दिव्याचं बटण पडल्या पडल्या हाताला लागलं पाहिजे. दाराला वर काच हवी, बाहेर कोण उभं आहे ते दिसायला..."

ते थांबले. चष्मा वर केला.

"आणि कडी आतून. बाहेरून काहीही नको. हे तीनदा म्हणाल्या."

मी ताईकडे पाहिलं. ती चित्रातल्या दाराकडेच बघत होती.

"कशा दिसत होत्या?" मी विचारलं.

"बारीक चणीच्या. खोलीतच खाली बसल्या होत्या, भिंतीला टेकून. मी म्हटलं, आजी, धूळ आहे, हॉलमध्ये बसा. तर म्हणाल्या, मला इथनं उठता येत नाही."

ताईने तिथूनच थोरल्या जावेला फोन लावला. मी कान देऊन ऐकत होते.

"काल दुपारी आई कुठे होत्या?"

"कुठे असणार? इथेच. जेवून झोपल्या होत्या. का गं?"

ताईने काहीतरी थातूरमातूर सांगून फोन ठेवला.

बाहेर आल्यावर ती स्कूटरपाशी नुसती उभी राहिली. किल्ली हातात, पण लावेना.

"एक सांगू? मंगळवारी आमचं ठरलं होतं," ती म्हणाली. "आईंच्या खोलीला बाहेरून कडी लावायची. आम्ही दोघं कामावर गेलो की... काय करणार? मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती."

आम्ही तशाच फ्लॅटवर गेलो. अजून उजेड होता.

आत सगळीकडे पांढरी धूळ. आधीच्या आठवड्यात छताचं काम झालं होतं ना, त्याची. त्या धुळीत इंटिरियरवाल्यांच्या बुटांचे ठसे स्पष्ट दिसत होते. हॉलमधून किचन. किचनमधून बेडरूम. मग छोट्या खोलीच्या दारात... तिथे खूप ठसे होते. माणूस बराच वेळ उभा राहिल्यासारखे.

दुसऱ्या कुणाचा एकही ठसा नव्हता.

पण भिंतीलगत, खाली... एक जागा स्वच्छ होती. पाटाएवढी. कुणी बसून उठल्यासारखी.

पण उठून गेलेल्या पावलांचं काय?

ती नव्हतीच.

"ताई, चल," मी म्हटलं.

ती दाराच्या चौकटीवरून बोट फिरवत होती. बाहेरच्या बाजूने. एका जागी बोट थांबलं. तिने नखाने खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला, खाली पुट्टी. आणि पुट्टीखाली भोक. एक. दोन. तीन. चार.

तिथे पूर्वी कडी होती. बाहेरून.

आणि तेवढ्यात खोलीच्या आतून... टक टक.

हळू. दार वाजवताना कुणाला त्रास होऊ नये, अशा बेताने.

दार सताड उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

आम्ही कशा उतरलो ते मला आठवत नाही. लिफ्टची वाट पाहिली नाही एवढं नक्की.

फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटला ताईने विचारलं. तो म्हणाला, आधी त्या घरात कुणी म्हातारं माणूस असल्याचं त्याच्या तरी ऐकिवात नाही. आधीच्या मालकांचा फोन लागला नाही. आजपर्यंत नाही.

भावोजींनी सगळं हसण्यावारी नेलं. "आई रस्त्यावर गाडीखाली आली तर तुझी ती म्हातारी येणार आहे का सोडवायला?" त्यांचंही चूक नव्हतं. शनिवारी त्यांनी सुताराला कडी घेऊन बोलावलं. ताई दारात आडवी उभी राहिली. सुताराला चहा पाजला आणि कडीसकट परत पाठवलं. दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

खोली डायरीत होती तशीच झाली. पलंग दाराकडे. बटण हाताशी. वर काच. कडी आतून. दुपारसाठी एक बाई ठेवली.

सासूबाई आल्या. आम्ही सगळे धास्तावलेलो. पण त्या चालू पडल्या नाहीत. एकदाही नाही. दार उघडं असलं तरी खोलीतच.

भावोजी म्हणाले, "बघ, जागा मानवली तिला."

ताईने मान डोलावली. ती त्या खोलीत एकटी जात नाही, हे त्यांना माहीत नाही.

मागच्या रविवारी मी तिथे होते. दुपारची बाई सुट्टीवर, ताई आणि भावोजी बाजारात गेलेले. मी हॉलमध्ये बसले होते. आतून सासूबाईंचा बोलण्याचा आवाज आला. म्हटलं, करमत नसेल, स्वतःशीच बोलत असतील.

पण त्या मध्येच थांबत होत्या... समोरच्याचं ऐकायला थांबतो, तशा.

मग "हो, हो" म्हणायच्या आणि पुढे बोलायच्या.

मी दारात गेले. त्या पलंगाच्या अगदी काठावर अंग चोरून बसल्या होत्या. बाकीचा सगळा पलंग मोकळा.

"आई, नीट बसा ना, पडाल," मी म्हटलं.

"बसू दे गं. तिला जागा लागते." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुझ्या घरात खोल्या किती?"

"का हो?"

"मी नाही विचारत." त्यांनी पलंगाच्या मोकळ्या बाजूकडे पाहिलं. थोडं थांबल्या. "हिला कळायला हवंय."

मी दोन म्हणून सांगितलं.

आहेत तीन.