बुवांचं कापलेलं वाक्य

“नरसिंहण्णा, बुवांचं वाक्य कुणीतरी कापलं!”

नागरत्नाचा फोन येताच नरसिंह विठ्ठल मंदिराकडे निघाला. बेळगोळच्या कारखान्यात जन्मभर त्याने संगणक सांभाळले; जीव मात्र रमला नागोजीबुवांच्या कीर्तनात. बुवा नुकतेच गेले होते. शेवटच्या कीर्तनानंतर, श्रोते प्रसादाच्या रांगेत गेल्यावर, ते म्हणाले होते, “माझ्यामागे नागरत्ना गादीवर उभी राहील.” ऐकायला पेटीवर ती स्वतः, मृदंगावर बुवांचा मुलगा मनोहरराव आणि चालू रेकॉर्डर. बस्स.

मंडळाच्या संगणकावरच्या फाइलमधून नेमकं तेवढंच गेलं होतं. आणि गादीचा निर्णय आजच व्हायचा होता.

“सगळे आपापल्या पासवर्डने बसतात,” अध्यक्ष गंगाधरराव म्हणाले. “ऐकावं सगळ्यांनी, बदलावं फक्त नागरत्नाने, अशी कुलपं तूच लावलीस ना, अल्वा? मग दुसरं कोण कापणार? वाक्य नव्हतंच म्हण.”

“आणि फोल्डर?” नरसिंहने विचारलं.

“ते मीच मोकळं करवलं. विठोबाच्या पायांना कुणीही हात लावतो. इथेही ज्याने त्याने आपलं ध्वनिमुद्रण आणून ठेवावं.”

मनोहरराव हसला. “स्वप्न पडलं असेल अक्काला. सुम्ने, उगाच वाद कशाला?”

नरसिंहने नागरत्नाकडे वळून विचारलं, “तू हात लावलास फाइलला?”

“काल सुरुवातीची खरखर काढायला बसले. ‘परवानगी नाही’ म्हणे! अय्यो, माझ्याच फाइलला!”

“बाकीच्या फाइली?”

“त्या मुकाट ऐकतात.”

 नरसिंहने सगळ्यांना पडद्यासमोर बसवलं.

“फाइलचं कुलूप म्हणजे पेटाऱ्याचं कुलूप. आतलं बदलता येत नाही. पण खोली उघडी असली, की अख्खा पेटारा उचलून त्या जागी दुसरा ठेवता येतो. फाइल काढून टाकायची मुभा फाइल देत नाही, फोल्डर देतं. कुणीतरी नक्कल घेतली, वाक्य कापलं, मूळ फाइल उडवली, त्याच नावाची नवी ठेवून तसंच कुलूप घातलं. एवढंच विसरला, की नवी फाइल ठेवणाऱ्याच्याच नावावर चढते. म्हणून नागरत्नाला परवानगी नाही.”

त्याने मालकाचं नाव उघडलं. मनोहरराव.

“हो, मीच!” मनोहरराव ओरडला. “आयुष्यभर आप्पांमागे मृदंग बडवला. गादी देताना पोटचा मुलगा आठवला नाही त्यांना?”

 गंगाधररावांनी नजर खाली वळवली.

“पटलं. पण बुवांच्या मुलाला चारचौघांत कसं उतरवू? एकादशीला तोच उभा राहील. नागरत्ना, तू पेटी धर. घरातलं घरातच राहू दे.”

तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

“अण्णा, मूळ फाइल कुठेच नाही?”

“नाही गं. रेकॉर्डर तेव्हाच रिकामा केला, आणि राखीव प्रतही रोज याच फोल्डरवरून नवी होते. जुनी पुसली गेली.”

“गादी होगली, जाऊ दे ती. त्यांनी माझं नाव घेतलं होतं ना, ते एकदा पुन्हा ऐकायचं होतं.”

 सभामंडपात टाळकरी जमले होते. कुणीतरी तिला हाक मारली, आणि ती उठून गेली.