पलीकडचा ब्रेक

गाडी शिकायची म्हणतेस, शीक. मावशी कशाला आडवी येईल? पण दिवा चालू राहू दे, आणि आधी माझं ऐकून घे.

मी पंचेचाळिशीत स्टिअरिंग धरलं ते वडिलांसाठी. त्यांना डायलिसिसला न्यायचं असे, आणि इतक्या भल्या पहाटे टॅक्सी मिळता मिळत नसे. एकदा वाट बघताना ते दारातच कोसळले. त्यानंतर 'मला जमणार नाही' म्हणायची सोयच उरली नाही. बाकी मी जात्याच भित्री. सायकलसुद्धा उतरून वळवणारी बाई.

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही क्लच आणि ब्रेक असतात, शिकवणाऱ्यासाठी. आमचे मास्तर तिथे बसून पेंगायचे, पण मी चुकले की त्यांचा पाय बरोबर पडायचा. माझी सगळी भिस्त त्या पायावर.

एका संध्याकाळी चढावर गाडी बंद पडली. धुकं उतरलं होतं, मागचं धड दिसेना, म्हणून मास्तर बघायला खाली उतरले. मी घाईघाईत हँडब्रेक सोडला आणि गाडी मागे घरंगळायला लागली. ब्रेक समजून मी जीव खाऊन क्लचच दाबत होते. आरशात मास्तर मोठे मोठे होत होते.

शेजारी खट्ट झालं. गाडी जागीच थांबली.

शेजारी कुणी नव्हतं. पलीकडचा ब्रेक मात्र तळापर्यंत दबलेला होता, आणि गाडीत ओल्या बुटांचा वास भरला होता.

मास्तरांनी दार उघडलं. चेहरा पांढराफटक. रिकाम्या सीटकडे बघत ते हळूच म्हणाले, "सोडा आता... मी आलोय."

पेडल सावकाश वर आलं.

परतताना त्यांनी सांगितलं. त्यांच्या आधी या गाडीवर एक म्हातारे मास्तर होते. शिकवता शिकवताच त्या सीटवर त्यांचा जीव गेला. शिकणारा एकटा सापडला की ते येतात, वाईट काही करत नाहीत.

"फक्त त्यांच्याशी बोलायचं नाही. बोलवायचं तर नाहीच."

घरी येऊन मी डोक्यावरून पांघरूण घेतलं. शिकणं सोडून द्यावंसं वाटलं. पण पलीकडच्या खोलीत वडील कण्हत होते.

परीक्षेच्या दिवशी शिकवणीच्या त्याच गाडीत मी एकटीच, परीक्षा घेणारे साहेब बाहेर उभे. चढ समोर आला. नापास झाले तर वडील पुन्हा त्या दारात ताटकळणार, एवढंच डोळ्यांसमोर आलं. भीतीच्या भरात मी पुटपुटले, "मास्तर... माझी सोबत सोडू नका."

शेजारचं पेडल किंचित हललं. मी पास झाले.

लगेच एक जुनी गाडी घेतली. साधी, एकाच ब्रेकची. पहिल्याच फेरीला वडिलांना शेजारी बसवलं, पट्टा लावला. पण ते गुडघे पोटाशी घेऊन अवघडून बसले.

"बाबा, पाय लांब करा ना. भरपूर जागा आहे."

ते खाली पायांकडे बघू लागले. मग माझ्याकडे झुकले आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले,

"यांना जरा सरकायला सांग, बाळ... मला पाय ठेवायला जागाच नाहीये."