थांबलेली काच

धाकटीच्या प्रयोगशाळेत औषधाची काच बनायची. म्हणजे पूड वितळवायची आणि स्फटिक व्हायला सवड न देता झटकन थंड करायची, की ती मधासारखी पिवळट, आरपार दिसणारी काच होऊन गोठते. ही काच पाण्यात विरघळते, अंगाला लागते. तिचे एकदा स्फटिक झाले, की तेच औषध पोटातून वाळूसारखं जसंच्या तसं बाहेर पडतं. आणि स्फटिक व्हायचेच. द्रवाची काच होते त्या तापमानाजवळ सगळं मंदावायला हवं, तर नेमके तिथेच ते चौखूर उधळायचे.

हे औषध तिला हवं होतं दादासाठी. त्याचं रक्त नासत चाललं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि शेवटचा उपाय म्हणून हेच द्यायचं ठरलं होतं. फक्त ते टिकायला हवं होतं. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे पाठीमागे नकारघंटा म्हणत, त्यांनी महिनाअखेर काम बंद असं सांगून टाकलं होतं.

त्या दुपारी ती सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिकांची कड काचेत घुसताना बघत होती. तेवढ्यात आईचा फोन आला. दादाने आज पाणीही गिळलं नव्हतं. धाकटीने फोन ठेवला, डोळा पुन्हा भिंगाला लावला आणि हट्टी पोराला दटावावं तसं म्हणाली, "थांब."

कड थांबली.

असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली ती नव्हती. तिने तापमान तपासलं, दिवा बदलला, काचपट्टी दुसऱ्या यंत्राखाली नेली. कड जागची हलेना.

जुन्या नमुन्याचा कण नव्या, वितळलेल्या रसाला लागू द्यायचा नाही, हा प्रयोगशाळेतला पहिला नियम. एका कणाने अख्खा रस स्फटिक होऊन बसतो. धाकटीने तो नियम मोडला. दुधाला विरजण लावावं तसा थांबलेल्या काचेचा कण तिने नव्या रसात टाकला. तो रस काच होऊन तसाच राहिला. त्यातला कण पुढच्या रसात टाकला, तोही राहिला.

नकारघंटा बाह्या सारून स्वतः आले. त्यांनी स्फटिकांची चिमूट काचेवर भुरभुरली, ऊब दिली, दोन दिवस वाट पाहिली. काच त्या कणांना भीक घालेना.

"हरलो बाई मी," ते म्हणाले. "पाठवा दवाखान्यात."

भांडी धुणाऱ्या मावशींनी मात्र कुरकूर केली, की खिडकीतल्या कुंडीतलं नवं पान कधीचं गुंडाळलेलंच आहे, रोज भांडी विसळलेलं पाणी घालूनही उलगडत नाही. धाकटीला झाडाकडे बघायला फुरसत कुठे होती?

औषध लागू पडलं. दादाने आधी पाणी मागितलं, मग जेवण, मग भांडायला कोणीतरी. डॉक्टर म्हणाले, आजार आहे तिथेच थांबलाय. महिना उलटला आणि दादा आईबरोबर प्रयोगशाळेचा जिना स्वतःच्या पायांनी चढून आला. सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले, नकारघंटा सर्वांत जोरात. धाकटीचा आनंद गगनात मावेना. ती जिंकली होती.

"वा, दाढीबिढी करून आलायस," ती म्हणाली.

"केली कुठे? पहिला डोस घेतला त्या सकाळी वॉर्डात न्हावी आला होता, तेवढीच. नंतर उगवलीच नाही बघ. साबण वाचला."

सगळे हसले. आई तर डोळे पुसत हसली.

धाकटी जवळ सरकली.

हनुवटीखाली वस्तऱ्याचा बारीक काप होता. लाल, ओलसर.

तिने हळूच बोट लावलं. बोटाला ताजं रक्त लागलं.

आईने पाहायच्या आत तिने ते रुमालाला पुसलं, आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागली.