पाकिटातला दुसरा भाग

स्टेशनरीच्या दुकानात ती टेपचा रुंद रोल घेत होती, तेवढ्यात मागच्या माणसाने चक्क तिच्या हातातलं फाटकं कॉमिक काढून घेतलं.

"टेप लावू नका, प्लीज," तो म्हणाला. "पिवळी पडते, आणि मग पानासकट निघते."

ती बालवाडीची बाई. फाटलेल्या प्रत्येक गोष्टीवर टेप हा तिचा रामबाण उपाय, आणि कुणी हातातली वस्तू ओढली तर त्याला कोपऱ्यात उभं करायची तिला सवय. पण या माणसाने ते जुनं कॉमिक दोन्ही तळव्यांवर असं जपून धरलं होतं, की तिला रागवायचंच सुचेना. शाळेला कुणीतरी दिलेल्या पुस्तकांच्या खोक्यात तिला ते सापडलं होतं. गोष्टीतली वैमानिक मुलगी धबधब्यावर दोरीला लोंबकळत होती, दोरीचा एकच धागा उरला होता, आणि तिथेच पहिला भाग संपला होता. तेव्हापासून बाईंच्या जिवाला चैन नव्हती.

"दुसरा भाग माझ्याकडे आहे," तो म्हणाला... आणि म्हणता म्हणता कानापर्यंत लाल झाला.

तो दवाखान्यात एक्स-रे काढायचा. पुढे महिनाभर दर रविवारी त्याने तिला या छंदाची बाराखडी शिकवली. जुन्या पुस्तकांच्या दुकानात ढिगाच्या तळाशी आधी बघायचं, पिना गंजल्यात का ते तपासायचं, मागे जाड पुठ्ठा घालून अंक पाकिटात उभा ठेवायचा, उन्हापासून जपायचा. आपल्याला आवडेल तेच घ्यायचं, हे त्याने तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगताना तो कॉमिककडे बघत नव्हता. तिच्याकडे अकरा अंक जमले. सोमवारपासूनच रविवारची वाट बघायची सवय लागली, ती वेगळीच.

दुसरा भाग मात्र तो काही काढेना. शेवटी एकदा त्याने तिला घरी नेलं आणि आईच्या देखत कपाटातून तो अंक काढून दाखवला. छापखान्यातून आला तसा, पाकिटात सीलबंद!

"म्हणजे तिचं पुढे काय झालं, तुम्हालाही माहीत नाही?"

"सील तोडलं की... संपलंच ना सगळं."

दिवसभर लोकांना न उघडता आत बघता, तसं याचंही करा की, असं ती म्हणाली. त्याची आई खुदकन हसली. तिला स्वतःला मात्र हसू आलं नाही.

"उघडायचंच नसेल, तर जपायचं कशाला?" तिने विचारलं.

आपण नुसत्या अंकाबद्दल बोलत नाही, हे तिचं तिला कळलं. त्याला कळलं की नाही, कोण जाणे. त्याने अंक पुन्हा कपाटात ठेवला. पुढचे दोन रविवार ती गेली नाही. राग नाकावर आणि जीव टांगणीला, अशी तिची गत झाली.

मग एका दुपारी शाळा सुटली, तर फाटकाशी तो उभा. हातात अंक, आणि शर्टच्या खिशातून डोकावणारं कापलेलं पाकीट.

"घरीच कापून आलो," तो म्हणाला. "इथे आल्यावर धीर सुटला असता. वाचलं नाही अजून... एकट्याने वाचायचं नव्हतं."

रिकाम्या वर्गात, गुडघे हनुवटीला टेकतील अशा बुटक्या बाकावर ते दोघं बसले. ती पानं उलटत होती, तो श्वास रोखून पिनांकडे बघत होता. दोरी तुटली. मुलगी खाली कोसळली. आता एकच पान उरलं.

"एक सांगू?" तो म्हणाला. "मला तुम्ही फार आवडता. पहिल्या दिवसापासून. दोन रविवार तुम्ही आला नाहीत, तेव्हा वाटलं, आता मी जन्मभर बंद पाकिटंच जपत बसणार."

तिने कॉमिक अलगद मिटलं.

"अहो... आणि शेवट?"

"तो कुठे पळून चाललाय," तिने त्याचा हात हातात घेतला. "आधी मला उत्तर देऊ दे."