चौदा हात लांब, सहा हात रुंद

"अहो… अहो, तुमची साखर सांडतीय!"

लढाईचे दिवस होते. साखर चिठ्ठीवर मिळायची आणि चिठ्ठी ओळखीवर. अशा दिवसांत औरंगपुऱ्याच्या भर गल्लीत हे वाक्य मोठ्यानं बोलू नये, एवढा पोच वच्छलाला एरवी होता. पण शाळेतून घरी येताना तिला मातीत एक पांढरी रेघ दिसली आणि ती मान खाली घालून रेघेमागं चालत राहिली. रेघ दोन वळणं वळली, एका शेळीला चुकवून पुढं गेली आणि एका तरुणाच्या खांद्यावरच्या पिशवीपाशी संपली.

तो वळला. डोळे मोठे, मिशी बारीक, मिशीवर भुकटी.

"साखर नाय बाई," तो ओशाळून म्हणाला, "खत हाय."

मागं ज्या दोघातिघांनी चिमूट तोंडात टाकली होती, ते आता भिंतीकडं तोंड करून थुंकत होते.

तो सरकारच्या शेतीखात्यात नवा लागलेला, हंगामी. लोकांनी परसात भाज्या पिकवाव्यात असं सरकारचं म्हणणं होतं, आणि ते म्हणणं खांद्यावर घेऊन गल्लोगल्ली हिंडणं ही याची नोकरी. एका पेन्शनर तहसीलदारांच्या बागेसाठी तोलून आणलेलं विलायती खत वाटेतच निम्मं झालं होतं.

"उरलंय त्यात तहसीलदारांची बाग काय व्हायची नाय," तो पिशवीत डोकावत म्हणाला. "एखादा लहानसा वाफा… हाय का कुठं तुमच्या पाहण्यात?"

"आमच्याच परसात हाय," वच्छला म्हणाली. आपण इतकं चटकन का सांगितलं, हा विचार तिनं घर येईपर्यंत लांबणीवर टाकला. "वांग्यांचा. चौदा हात लांब, सहा हात रुंद. मीच मोजून आखलाय."

वच्छलाचे वडील, आबा, बिडकीनला शेतावर असत. मुलींच्या शाळेतल्या नोकरीसाठी ती इथं राहायची, आणि ती राहते म्हणून आई, द्वारकाबाई. द्वारकाबाईंनी पाहुण्याला पाणी दिलं. पिशवीकडं आशेनं पाहिलं, वास घेतला आणि त्या आत गेल्या.

तो परसाच्या पायरीवर खात्याची उर्दू पुस्तिका उघडून बसला.

"एकरी चार मण, म्हणजे बारा हजार आठशे तोळे. एकरात चौरस गज चार हजार आठशे चाळीस. दोन हातांचा एक गज… तुमचा वाफा सात गज बाय तीन गज. एकवीस." पेन्सिल थांबली, चालली, पुन्हा थांबली. "साडेपंचावन्न तोळे."

हिशेब करताना त्याचे ओठ हलत होते. शाळेत गणित शिकवणाऱ्या वच्छलाला पोरींची ही खोड मुळीच खपत नसे. इथं खपली. मार्गशीर्षाचं कलतं ऊन त्याच्या पापण्यांवरून वहीवर उतरत होतं आणि भिंतीपलीकडं नहरीचं पाणी अर्धवट ऐकू येत होतं… स्वप्नातल्यासारखं.

"नाव काय म्हणायचं तुमचं?"

"कारभारी."

आपल्याकडं बायको ज्या शब्दानं नवऱ्याला हाक मारते, तेच पोराचं नाव ठेवताना त्याच्या आईबापानं जगातल्या तमाम तरुण मुलींची गैरसोय करून ठेवली होती. या नावानं एकदा हाक मारली असती, तर संध्याकाळपर्यंत गल्लीनं पत्रिका छापल्या असत्या.

"मी खतवाले म्हणीन," ती म्हणाली.

नियमाप्रमाणं पाहणी पंधरा दिवसांतून एकदा होती. तो एक दिवसाआड यायला लागला.

"खतवाले, परवा तर येऊन गेलात की!"

"वांग्यांना माणसाची सवय झाली म्हणजे बरं असतं."

"वांग्यांना झालीय," वच्छला म्हणाली — आणि उगाचच एका पानावरची नसलेली धूळ पुसत बसली.

एकदा तो म्हणाला, महिनाअखेर मोठे साहेब वाफा पाहायला येणारैत. वाफा बरा दिसला तर नोकरी इथंच कायम. बिघडला तर निझामाबादच्या गोदामात पोती मोजायची. त्या दिवसापासून वच्छला सकाळी उठल्यावर देवाआधी वांगी पाहू लागली.

नवव्या सकाळी पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या.

कारभारी आला, पायरीवर बसला, हिशेब पाच वेळा केला. पाचही वेळा साडेपंचावन्न आले. मग त्यानं सावकाश मान वर केली.

"बाई… हात कुणाचा?"

"म्हणजे?"

"वाफा मोजला तो."

वच्छलानं पायरीवर कोपर टेकवून आपला हात पुढं केला. त्यानंही कोपर टेकवून आपला हात तिच्या हाताशेजारी धरला. मधे एका बोटाचं अंतर ठेवलं. ते ठेवताना दोघांनाही फार कष्ट पडले. तिची बोटं संपली तिथून त्याचा पुरा अर्ध्या गजाचा हात चार बोटं पुढं गेला होता. तिच्या मनगटावरची काकणं किंचित किणकिणली. वारा तर नव्हता.

"काय चाललंय गं, वच्छे?" आतून द्वारकाबाई.

"माप घेतोय, मावशी!" कारभारी म्हणाला.

"किती वेळ?"

माप बराच वेळ चाललं. निष्कर्ष असा निघाला, की खऱ्या मापानं वाफ्याला साडेअडतीस तोळेच पाहिजे होते. सतरा तोळे जास्त पडले.

"माझ्यापायी," ती पुटपुटली.

"मी विचारायला पाहिजे होतं. पोटभर पाणी द्यावं लागंल आता. जास्तीचं मुळांच्या खाली उतरंल."

मग रोज संध्याकाळी दोघं पाणी घालू लागले. तो घागर उचलायचा, ती आळ्याची माती सारखी करायची. ओल्या मातीचा वास यायचा, बोलणं थांबायचं, आणि ते थांबलंय हे कुणाच्याच ध्यानात यायचं नाही. निम्मी झाडं सावरली. निम्मी सावरली नाहीत. साहेब दोन्ही मोजणार होते.

साहेब आले. कमरोद्दीन नाव, पांढरी दाढी, सोन्याच्या काडीचा चष्मा. रजिस्टरात 'सबब' असा रकाना होता. त्यात कारभारीनं आधीच लिहून ठेवलं होतं — 'माझी गफलत'. वच्छलाला उर्दू वाचता येत होतं. तिनं साहेबांच्या खांद्यावरून ते वाचलं, आणि इतके दिवस जपलेलं तोंड सुटलं.

"कारभाऱ्यांची चूक नाय, साहेब! हात माझा होता!"

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बेटी," ते म्हणाले, "आम्ही वांग्यांचं विचारत होतो."

कारभारी करपलेल्या पानासारखा दिसू लागला. कडेकडेनं लाल.

पण कायदा तो कायदा. साहेबांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, उसासा सोडला आणि लिहिलं: निझामाबाद, पंधरा दिवसांत हजर. जाता जाता दाराशी थांबले. "मियाँ, पूछ लिया करो. हर चीज अंदाजे से नक्को."

परसात दोघंच उरले. द्वारकाबाई आत होत्या, पण भांडी संशयास्पद शांत होती.

"तिकडं… तेलुगू बोलतात म्हणे," कारभारी वांग्यांकडं पाहत म्हणाला.

"शिकंन मी."

"गोदामाजवळ दोनच खोल्या देतात. परस नाय."

"डब्यात लावू. एका झाडाचा हिशेब सोपा."

"शाळा हाय का मुलींची, ते बी पाहावं लागंल…"

"पाहा. आणि आबांना बिडकीनला आजच चिठ्ठी लिहा. परवाच्या बाजाराला ते इकडं येणारैत."

तो चमकून वळला. "पण… बाई, मी अजून विचारलंच कुठं?"

"मग विचारा की!" वच्छला म्हणाली. "सगळं ठरून गेल्यावर विचारलं तर बरं दिसंल का ते?"

कारभारीनं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि विचारलं. वाक्य लांबलचक होतं. सुरुवात सरकारी अर्जासारखी झाली, मधे दोनदा वाट चुकलं, आणि शेवटी क्रियापद सापडलंच नाही. वच्छलानं ते पूर्ण ऐकून घेतलं आणि एकदाही हसली नाही. तिच्या संसाराची सुरुवात ती तेव्हापासून धरते.