पत्रिकेमागची सतरा नावं

कसालच्या नाक्यावर त्या दिवशी सहा आसनी रिक्षात एकच जागा उरली होती, आणि ती एका खोक्याने अडवली होती.

खोक्याला स्वेटर घातलेला होता. शेजारचा तरुण दोन्ही हात त्याच्याभोवती टाकून असा बसला होता, की तुळसाला आधी वाटलं, कुणी आजारी माणूसच आहे पांघरुणात.

"हे जरा मांडीवर घेता का? मला बसायचंय."

"घेतलं असतं," तो म्हणाला, "पण एका मांडीवर मावत नाही."

"मग?"

"अर्धं तुम्ही घ्या."

तुळसाने घेतलं. रिक्षा सुटली, काजूच्या मोहोराचा वास आत आला, आणि प्रत्येक खड्ड्याला दोघांचे चारही हात एकदम खोक्यावर जाऊ लागले. एकदा दोन हात चुकून एकमेकांवरच पडले. तुळसा लगेच बाहेर बघू लागली. बाहेर म्हशी होत्या. तिने त्या फार मन लावून बघितल्या.

"फुटणारं आहे का काही?" शेवटी तिला राहवेना. काळजी हा तुळसाचा जोडधंदाच होता. गॅस बंद केलाय हे आठवायला तिला एक वळण लागायचं, आणि आठवल्यावर खात्री पटायला आणखी दोन.

"फुटणारं नाही. रुसणारं. सर्व्हर आहे. पाणखोलवाडीच्या देवस्थानात बसवायचाय. तिथे कुणी तुळसाबाई आहेत... त्यांनी फोनवर चौदा वेळा विचारलं, मशीन उन्हातून आणणार की सावलीतून. म्हणून हा स्वेटर."

तुळसाने पुढचे दोन खड्डे बोटांवर काहीतरी मोजलं.

"तेरा वेळा," मग ती म्हणाली.

तो वळून बघतच राहिला. "तुम्ही? मला वाटलं, तुळसाबाई म्हणजे... साठीच्या तरी असतील."

"आजीचं नाव आहे. आजी गेली, नाव रिकामं होतं."

त्याचं नाव ओंकार. सावंतवाडीचा. पाणखोलवाडी येईपर्यंत एवढंच कळलं, आणि तुळसाला ते पुष्कळ वाटलं.

आता हे मशीन देवस्थानात कशाला, ते सांगायला हवं. सातेरीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरात नसते. देवी कौल देईल तो दिवस. यंदा कौल असा मिळाला की हातात उरले नऊ दिवस. गेल्या वर्षी ओटी भरायच्या रांगेत बायका सात-सात तास उभ्या होत्या. सातव्या महिन्यातली एक सून उन्हात कोसळली, आणि गाडी आत यायला वाट नव्हती म्हणून अर्धा तास तिचं डोकं तुळसाच्या मांडीवर होतं. सून वाचली, बाळ वाचलं, पण तुळसाची झोप गेली ती गेलीच. देवस्थानच्या कचेरीत ती लिहिण्याचं काम करायची. यंदा कौल मिळाल्यावरच्या सभेत उठून तिने सांगितलं: मोबाइलवर टोकन द्यायचं. बाईने आपल्या वेळेला यावं, ओटी भरावी, जावं.

अध्यक्ष हरिश्चंद्रभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "शुक्रवारी तिन्हीसांजेक जत्रेचा गाऱ्हाणा. तवसर तुजा यंत्र चलला तर टोकन. नायतर रांग ती रांग."

म्हणजे शुक्रवार. देवीपुढे नारळ ठेवून मागणं घालतात आणि सगळा गाव एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतो, त्याच्या आत.

ओंकारने मशीन टेबलावर मांडलं. नेटवर्क फक्त खिडकीत यायचं, म्हणून मोबाइल कापडी पिशवीत घालून गजाला टांगला. मग त्याने टोकनचा प्रोग्राम बसवायला घेतला, आणि मशीनने पहिली तक्रार केली.

"काय म्हणतंय?" तुळसाने विचारलं.

"म्हणतंय, हा प्रोग्राम बसेल, पण आधी अमुक पॅकेज, म्हणजे त्याला लागणारा छोटा प्रोग्राम, आणा."

"आणा मग."

"ते म्हणतंय, मला आधी तमुक हवं."

"आणि तमुक?"

"त्याला आणखी दोघं. आणि त्यातला एक रुसलाय, सांगत नाही कशाला."

तुळसाने खुर्ची ओढली. "हे आमच्याकडचं लग्नच आहे. थांबा, लिहून घेते."

कागद नव्हता. गेल्या वर्षीच्या जत्रेच्या पत्रिका होत्या. एकीच्या पाठकोऱ्या बाजूला ती लिहू लागली: नाव, पुढे बाण, आणि बाणापुढे त्याला कोण लागतं ते. संध्याकाळपर्यंत सोळा नावं झाली. एक बारीकसं सतरावंही होतं, अक्षरं मोजून चार. ते तिने पेन्सिलने कोपऱ्यात लिहिलं.

"ते नको लिहायला," ओंकार हसला. "ते चिमुकलं आहे. कुणाच्यातरी मागून आपोआप येतं."

"मागून येणाऱ्यांचीच काळजी घ्यावी लागते," तुळसा म्हणाली, आणि तिने ते खोडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो मोटरसायकलने येऊ लागला. तुळसाने आधी त्याचं हेल्मेट बघितलं, मग त्याचा चेहरा. चेहऱ्यावर उपास दिसला म्हणून डबा पुढे केला. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. त्यानंतर त्याने घरून खाऊन येणं सोडलं. संध्याकाळी निघताना ती म्हणायची, "पोचल्यावर मेसेज करा. मशीनची जबाबदारी आहे तुमच्यावर." आणि साडेसातला एका शब्दाचा मेसेज यायचा. पोचलो.

एकदा आठ वाजले तरी आला नाही. तुळसाने मीठ दोनदा घातलं आमटीत. सव्वाआठला आला: 'पोचलो. मुद्दाम उशिरा केला मेसेज. कुणी वाट बघतं का, बघायला.'

दुसऱ्या दिवशी डब्यात आंबोळ्या दोनच होत्या. त्याला काय ते समजलं.

सहाव्या दिवशी काम पुरतं अडलं. टोकनच्या प्रोग्रामला एक पॅकेज जुनं लागायचं, मेसेज पाठवणाऱ्या प्रोग्रामला तेच पॅकेज नवं. नवं घातलं की टोकन बंद, जुनं घातलं की मेसेज बंद. ओंकारने केसांत हात घालून घालून डोक्याचं गवत केलं.

"सकाळपासून एकाला खुर्ची देतोय, की दुसरा उठून चालला."

"वयल्या वाडीचे आणि खालल्या वाडीचे मानकरी असेच," तुळसा कांदा चिरावा इतक्या सहज म्हणाली. "एका पंगतीत बसत नाहीत. आम्ही समजूत काढतच नाही. दोन मांडव घालतो. ह्यांच्यात त्यांची भाजी, त्यांच्यात ह्यांची. देवी एकच."

ओंकारचे हात थांबले. तो तिच्याकडे बघत राहिला... जरा जास्तच वेळ.

"काय?"

"दोन मांडव. वेगवेगळ्या कप्प्यांत बसवायचं दोघांना. माका येता ता सगळा, आणि सकाळपासून मी त्यांची समजूत काढतंय." शेवटचं वाक्य तो मालवणीत बोलून गेला. तुळसाने ते ऐकून मनात कोपऱ्यात लिहून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी सगळं चाललं. तुळसाच्या मोबाइलवर टोकन आलं: क्रमांक एक, वेळ सकाळी नऊ. तिने ते चारदा वाचलं. दुपारी ओंकार सूचनांचे कागद छापून आणायला कसालला गेला.

आणि इथे तुळसाकडून ते झालं.

गाऱ्हाण्याआधी आमच्याकडे सगळं झाडायचं असतं. देऊळ, अंगण, कचेरी... एक कोपरा सोडायचा नाही. तुळसाने जळमटं काढली, टेबल पुसलं, आणि कीबोर्ड पुसता पुसता तिचं लक्ष पडद्यावर गेलं. मशीन आपणहून सांगत होतं, की अमुक अमुक पॅकेजं आता कुणालाच लागत नाहीत, हवी तर काढून टाका. काढायची आज्ञाही त्यानेच लिहून दिली होती. अडगळ ती अडगळ. तुळसाने ती आज्ञा जशीच्या तशी दिली. मशीनने विचारलं, व्हय की नाय? तिने Y दाबलं.

साडेपाच वाजता ओंकार आला, तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. केरसुणी अजून हातातच.

"बंद पडलं," ती म्हणाली. "मी... झाडलं."

त्याने पडद्याकडे बघितलं. तिने त्याच्याकडे. आता हा ओरडेल, असं धरून ती उभी होती.

"चूक माजी," ओंकार म्हणाला. "टोकनाचो प्रोग्राम मी हातान बसवलंय. मशीनाच्या वहीत तेची नोंदच नाय. तेका काय ठावक, कोण कोणाक लागता ता?" मग हळूच, "तू रडू नको. ती पत्रिका खंय आसा?"

'तू' म्हणाला होता तो. तिला रडता रडता कळलं.

किती पॅकेजं गेली, कुठली गेली, काही कळत नव्हतं. एकेक नाव तपासायचं, नसेल ते परत बसवायचं. खिडकीतून येणारं नेटवर्क मुंगीच्या पावलाने. बाहेर माणसं जमू लागली होती.

तेवढ्यात खिडकीशी नर्मदाकाकी आली, पदराआड आपली समई घेऊन. एका खोलीचं घर, मागे-पुढे कुणी नाही. जत्रेच्या फलकावर काकीचं नाव नसतं, फोटोत ती नसते. पण जत्रेतला पहिला दिवा तिच्या घराचा. तो लागला की मग बाकीच्यांचे नारळ.

"कित्याक रडतंस गो?"

तुळसाने दोन वाक्यांत सांगितलं.

"कितको येळ व्हयो?"

"अर्धो तास, काकी."

काकीने समई पदराखाली नीट सरकवली. "मग तितको येळ माजो पाय दुखता," ती म्हणाली, आणि टणाटण चालत घरी गेली.

ओंकारने पत्रिका हातात घेतली. तिचं रडू थांबावं म्हणून की काय, त्याने एकदम गाऱ्हाण्याचा सूर लावला. "बा देवा म्हाराजा... ह्या पयला पॅकेज तुज्या पायाकडे इला आसा, तेका जागा दी रे म्हाराजा."

मशीनने विचारलं, बसवू?

तुळसा रडता रडता हसली. "व्हय म्हाराजा." Y.

"बा देवा म्हाराजा, तिसरा रुसलेला आसा, तेची समजूत घाल रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." Y.

अशी सोळा झाली. ओंकारने प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर लाल ओळ आली. काहीतरी अजून नव्हतं, आणि काय नव्हतं ते सांगायची मशीनची तयारी नव्हती.

बाहेर हरिश्चंद्रभाऊंचा आवाज चढला. "नर्मदाकाकी खंय रवली?"

"पाय दुखता म्हणता," कुणीतरी सांगितलं.

"आता काय करूया? काकीचो दिवो लागल्याशिवाय एक नारळ ठेवक गावाचो नाय. एवढो गाव जमलो, आणि अडलो खंय बघ."

तुळसा ताठ झाली. तिने पत्रिका ओढून घेतली. कोपऱ्यात, पेन्सिलने, चार अक्षरं.

"ही काकी रवली," ती म्हणाली.

ओंकारने ते नाव लिहिलं. मशीनने विचारलं. ह्या वेळी व्हय म्हाराजा दोघांनी एकदम म्हटलं. आणि टेबलावर तुळसाचा मोबाइल थरथरला. क्रमांक दोन, वेळ सकाळी सव्वानऊ.

मग काय, काकीचा पाय बरा झाला. दिवा लागला. भाऊंनी नारळ देवीपुढे ठेवला, आणि टोपी आत-बाहेर बघून एक कचेरीतही आणला, मशीनपुढे. "माये सातेरी... आज ह्या दोन लेकरांनी मिळान जा काय मांडल्यानी आसा, ता शेवटाक ने. आमच्या लेकी-सुनांका उनात उभी करू नको गे माये."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला. दोन लेकरं मात्र जमिनीकडे बघत होती.

लोक प्रसादाला गेले. ओंकारने स्वेटर खांद्यावर टाकला, मग काढला. पत्रिका घेतली आणि तिच्या तळाशी काहीतरी लिहून तुळसापुढे सरकवली.

अठरावं नाव. ओंकार, पुढे बाण, आणि बाणापुढे — तुळसा.

"ह्या एकट्यान चलणा नाय," तो म्हणाला. "इतके दिवस बघलंय."

तुळसाच्या मनात एकदम पंधरा काळज्या उभ्या राहिल्या. त्यातली पहिली हाताला लागली. "पण तुमच्या... तुझ्या आईक सांगितलंस?"

"तिनाच सांगल्यान. रोज ज्या चेडवाक 'पोचलो' म्हणान कळवतंस, तेका एकदा इचार तरी."

तुळसाने बाणावरून एकदा बोट फिरवलं. दारात समई घेऊन नर्मदाकाकी कधीची उभी होती.

"अगो, काय ता बेगीन सांग," ती म्हणाली. "माजो पाय आता खराच दुखाक लागलो."

तुळसाने ओंकारकडे बघितलं नाही. ती कीबोर्डकडे वळली, एक बोट पुढे केलं, आणि Y दाबलं.

मशीनने क्षणभर विचार केला आणि कळवलं, की अशी कुठली आज्ञा आपल्याला माहीत नाही.

"तेका नाय कळला," ओंकार म्हणाला. "माका कळला."